कोकण पडद्यावर कसे ऐकू येते

देवगड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईंनी मला सहा पानांचे पत्र लिहिले आहे. गेल्या काही वर्षांत पाहिलेल्या चित्रपटांची आणि मालिकांची यादी करून प्रत्येकापुढे त्यांनी आपले मत नोंदवले आहे. ‘श्वास’ पाहताना रडू आवरले नाही, ‘किल्ला’ सर्वांत जवळचा वाटला, ‘तुंबाड’ देखणा पण परका वाटला, ‘कोर्ट’ अर्ध्यावर सोडून दिला, आणि ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका घरातील सगळ्यांबरोबर एकही भाग न चुकवता पाहिली, परंतु शिक्षकांच्या खोलीत तसे सांगण्याचा संकोच वाटला. ही मते बरोबर आहेत का, माझी स्वतःची मते काय आहेत आणि नववीच्या मुलांना यांपैकी काय दाखवावे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

बाई, उत्तर देण्यापूर्वी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी सव्वीस वर्षे मालिकांच्या आणि चित्रपटांच्या सेटवर ध्वनिमुद्रणाचे काम केले. सुरुवातीला बूम, म्हणजे लांब काठीवरचा मायक्रोफोन, धरला, पुढे ध्वनिमिश्रणाच्या मिक्सरसमोर बसलो, आणि आता हर्णैजवळ आमच्या जुन्या घरी राहतो. त्यामुळे माझी मते डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक बनलेली आहेत. एखादा छायालेखक हेच चित्रपट वेगळ्या रीतीने तोलेल आणि त्याचे तोलणेही खरेच असेल.

आवडनिवडीला बरोबर-चूक लावता येत नाही, असे उत्तर देऊन मोकळे होता येते, पण मला ते अपुरे वाटते. मत बरोबर आहे की नाही हे सांगता आले नाही, तरी ते पिकलेले आहे की कच्चे आहे, हे ओळखता येते. ज्याला चित्रपटातील एखाद्या जागेवर बोट ठेवून ‘मला हे इथे जाणवले’ असे म्हणता येते, त्याचे मत पिकलेले असते, मग ते माझ्या मताच्या अगदी विरुद्ध का असेना. आपण ‘किल्ला’विषयी लिहिताना पावसात किल्ल्यावर एकट्या पडलेल्या चिन्मय या मुलाविषयी अर्धे पान लिहिले आहे, ते मत पक्के आहे. ‘तुंबाड’पुढे मात्र ‘परका’ हा एकच शब्द आहे. तो शब्द मला पटतो, पण तो परकेपणा नेमका कुठे आहे हे शोधावे लागेल, आणि माझ्या समजुतीप्रमाणे तो ऐकण्यात आहे.

‘किल्ला’पासूनच सुरुवात करतो, कारण कोकणात घडणाऱ्या मराठी चित्रपटांत मी तो सर्वांत वर ठेवतो. अविनाश अरुण यांनी २०१४ मध्ये दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचे छायालेखनही त्यांचेच आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर आईची बदली गुहागरला होते आणि अकरा वर्षांचा मुलगा नव्या शाळेत, नव्या मुलांत येऊन पडतो, एवढेच कथानक आहे. मित्रांबरोबर सायकलवरून किल्ल्यावर गेलेला चिन्मय पाऊस कोसळू लागल्यावर एकटा उरतो आणि त्यांना हाका मारत फिरतो, तो प्रसंग मी कितीतरी वेळा पाहिला आहे. जांभ्या दगडाच्या ओल्या भिंतींमध्ये आपलीच हाक आपल्याकडे कशी परत येते, हे किनाऱ्यावरच्या मुलाला ठाऊक असते. तेथे भूत नाही, खलनायक नाही. हाकेला ओ मिळत नाही, एवढीच भीती आहे. पुढे तो मुलगा एका मच्छीमाराबरोबर होडीतून समुद्रात जातो, तेव्हा किल्ल्यावरचे ते कोंडलेपण सुटल्यासारखे वाटते. दिग्दर्शकाने हे दोन प्रसंग एकमेकांसमोर ठेवले आहेत, असे मला प्रत्येक वेळी जाणवते. आईचे काम करणाऱ्या अमृता सुभाष यांच्या गप्प राहण्यातही तीच जाण आहे. सरकारी कार्यालयातला ताण घरी आणणारी आणि मुलासमोर तो लपवू न शकणारी ही बाई बदलीच्या नोकरीवर आपल्या भागात आलेल्या अनेक घरांत मी पाहिली आहे.

आता कोकण पडद्यावर इतक्या वेळा खोटे का ऐकू येते, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण माझे पुढचे सगळे बोलणे त्यावर उभे आहे. भारतातील पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. त्याचे चित्रीकरण बव्हंशी रात्री करावे लागले, कारण स्टुडिओ रेल्वेमार्गाजवळ होता आणि गाड्या थांबल्याशिवाय शांतता मिळत नसे. म्हणजे सुरुवातीला आवाज जागेवरच धरला जात होता. पुढे आपल्याकडे हलके, हातावर घेता येणारे पण चालताना मोठा आवाज करणारे कॅमेरे रुळले, त्या खडखडाटात संवाद धरणे अशक्य झाले आणि सगळे काही नंतर डबिंग स्टुडिओत भरण्याची सवय लागली. ती सवय अनेक दशके टिकली. ‘लगान’ने २००१ मध्ये एवढ्या मोठ्या व्यावसायिक चित्रपटात जागेवरचा आवाज, म्हणजे सिंक साउंड, वापरून दाखवला तेव्हा आमच्या धंद्यात ती मोठी बातमी होती. डबिंगमध्ये नटाचा शब्द परत मिळवता येतो. घराचा आवाज मात्र परत मिळत नाही.

घराचा आवाज म्हणजे काय, ते सांगतो. प्रत्येक प्रसंग संपल्यावर आम्ही सगळ्यांना स्तब्ध उभे करून साधारण एक मिनिट नुसता त्या जागेचा आवाज मुद्रित करतो. त्याला रूम टोन म्हणतात. राजापूरकडच्या एका कौलारू घरात श्रावणात असा रूम टोन घेताना मी डोळे मिटून बसलो होतो. सर थांबून पाच-सात मिनिटे झाली असतील. पागोळ्या गळत होत्या, पण त्या सगळ्या सारख्या नव्हत्या. शेणाने सारवलेल्या खळ्यात पडणारी पागोळी बोदी वाजत होती, चिऱ्यावर पडणारी टणक, आणि पडवीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या तांब्याच्या घंगाळात पडणारी तर सुरात वाजत होती. मागे माजघरात कोणीतरी चुलीतले लाकूड पुढे सारले. पोफळीच्या बागेतून वारा आला तेव्हा झावळ्यांवरचे पाणी एकदम झडले. त्या एका मिनिटात तुम्ही कोठे आहात, कोणता महिना आहे आणि घर किती जुने आहे, हे कोणालाही कळले असते. पत्र्याच्या छपराखाली हेच मिनिट नुसत्या ताशासारखे वाजते. गेल्या तीस वर्षांत आपल्याकडे किती कौले उतरली आणि किती पत्रे चढले, याची नोंद जुन्या मुद्रणांत आपोआप झालेली आहे.

याच्या उलट घडलेला अनुभवही सांगितला पाहिजे. एका मालिकेतील घर खाडीकाठी होते, समुद्रापासून बरेच आत. खाडीला लाटा नसतात. भरतीचे पाणी खारफुटीत शिरते तेव्हा चिखलातून बुडबुडे सुटतात, होडीच्या कडेला पाणी हलके लागत राहते आणि ओहोटीला तर जवळजवळ निःशब्दता असते. हे सगळे मी पहाटे चार वाजता उठून मुद्रित केले होते. मालिका दूरदर्शन संचावर लागली तेव्हा प्रत्येक दृश्यामागे मोठ्या फुटणाऱ्या लाटांचा तयार तुकडा वाजत होता आणि वर भर आषाढात कोकीळ ओरडत होती. मी निर्मात्यांना विचारले. प्रेक्षकाला कोकण आहे हे लगेच कळले पाहिजे, असे उत्तर मिळाले. मला त्याचे आजही वाईट वाटते. समुद्राची गाज ही एकच एक वस्तू नाही. वाळूच्या किनाऱ्यावर ती लांबत जाते, कातळावर ती आदळते, आणि मृगानंतर वारा फिरला की ती डोंगराआडच्या वाडीतही ऐकू येते. किनाऱ्यावर वाढलेली म्हातारी माणसे गाज कोणत्या दिशेची आहे यावरून पावसाचा अंदाज बांधत असत. त्या माणसांना तोच तो तुकडा ऐकवणे हा त्यांचा अवमान आहे, असे माझे ठाम मत आहे.

मालिकांच्या बाबतीत एवढे मात्र लक्षात घ्यावे की त्यांच्यावर वेळेचा दाब फार असतो. चित्रपटाचे दिवसाला दोन-तीन मिनिटांचे काम झाले तरी समाधान असते. रोजच्या मालिकेला जवळजवळ एक पूर्ण भाग दिवसात उरकावा लागतो. मग जनरेटर दूर नेण्याइतकाही वेळ नसतो आणि झालेली उणीव पार्श्वसंगीताने झाकली जाते. प्रत्येक चेहऱ्यावर वाजणारा तो धक्का पुष्कळदा मागच्या गाडीचा हॉर्न झाकण्यासाठी असतो.

तरीही ‘रात्रीस खेळ चाले’ पाहिल्याचा संकोच आपण बाळगू नये. झी मराठीवर २०१६ मध्ये सुरू झालेल्या आणि सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झालेल्या या मालिकेने एक मोठे काम केले आहे, आणि ते भुताखेताचे नाही. त्यापूर्वी महाराष्ट्राच्या इतर भागांत मालवणी बोली लोकांना माहीत होती ती मुख्यतः विनोदाची बोली म्हणून. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ हे नाटक आणि मच्छिंद्र कांबळी यांनी ते जगभर नेण्यासाठी घेतलेले कष्ट यांचे ऋण मोठेच आहे. परंतु त्या यशामुळे मालवणी ऐकू आली की हसायचे, अशी प्रेक्षकाला सवय लागली. या मालिकेत माणसे मालवणीत घाबरली, मालवणीत रडली, जमिनीच्या वाटणीवरून मालवणीत एकमेकांच्या जिवावर उठली. घरातील सर्वांनी ती एकत्र बसून पाहिली, यात त्या बोलीचा वाटा आहे. २०१९ मधले दुसरे पर्व मला पहिल्यापेक्षा सरस वाटते, कारण तेथे भीती अण्णा नाईक या माणसाची आहे. माधव अभ्यंकर यांनी तो माणूस आवाज न चढवता उभा केला. अण्णा ओटीवर आले की आत माजघरातल्या बायकांचे बोलणे थांबते, हा अनुभव ज्यांनी अशा घरांत लहानपण काढले त्यांना सांगावा लागत नाही. भाग वाढवत नेल्यामुळे दोन्ही पर्वे पुढे सैल झाली, हे मात्र मान्य केले पाहिजे.

बोलीचा विषय निघालाच आहे म्हणून एक तक्रार नोंदवतो. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर आणि मध्य भागात घडणाऱ्या कथांतही पात्रांच्या तोंडी सर्रास मालवणी घातली जाते. दापोली-मंडणगडकडचा कुणबी, संगमेश्वरचा शेतकरी आणि हर्णै बंदरातला कोळी यांपैकी कोणीही मालवणी बोलत नाही. संध्याकाळी हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालतो तेथे अर्धा तास उभे राहिले तरी किती वेगवेगळ्या चालींची मराठी कानावर पडते. लेखकांनी ते अर्धा तास उभे राहणे टाळू नये.

‘तुंबाड’विषयी माझे मत बदलले आहे. राही अनिल बर्वे यांचा हा हिंदी चित्रपट २०१८ मध्ये आला तेव्हा मी तो नाराज होऊन पाहिला. तुंबाड हे खेड तालुक्यात जगबुडीच्या काठचे खरे गाव आहे; श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीमुळे आपल्याला ते नाव परिचित आहे, आणि चित्रपटाचा त्या कादंबरीशी काही संबंध नाही हेही अनेकांना ठाऊक नसते. चित्रपटातील प्रचंड वाडा सासवडचा, म्हणजे घाटावरचा आहे. देशावरच्या त्या उंच, गढीसारख्या वास्तूवर पडणारा पाऊस उतरत्या कौलांवरच्या पावसासारखा वागत नाही, आणि आपल्याला जाणवलेला परकेपणा मला वाटते तेथून येतो: पाऊस आपला आहे, घर आपले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा मी तो मोठ्या पडद्यावर परत पाहिला आणि मला माझी चूक कळली. मी त्याच्याकडे कोकणाचे चित्रण म्हणून पाहत होतो. तो लोभाची दंतकथा आहे. १९१८ पासून स्वातंत्र्यापर्यंत एकाच घरात पिढीतून पिढीत उतरलेली हाव त्यात आहे. बाहेरचा न थांबणारा पाऊस आणि दोरीवरून उतरत चित्रपटाचा नायक विनायक ज्या पोटासारख्या जागी पोहोचतो तेथील कोंदट, जवळचा आवाज, यांतील फरक ज्यांनी रचला त्यांच्या कामाला मी मनापासून दाद देतो. तेथील राक्षसाला गुंतवून ठेवण्यासाठी कणकेची बाहुली हातात घेऊन खाली उतरणाऱ्या माणसाचा श्वास ऐकू येतो तेव्हा वाडा कुठला आहे हा प्रश्न मनात राहत नाही.

‘नारबाची वाडी’ आपल्या यादीत नाही. ती जरूर पाहावी. आदित्य सरपोतदार यांचा हा २०१३ मधील चित्रपट मनोज मित्र यांच्या बंगाली नाटकावरून घेतलेला आहे, आणि तरीही तो येथलाच वाटतो. याचे कारण जमीन आहे. नारबाच्या वाडीवर डोळा ठेवून तो कधी मरतो याची वाट पाहणारा खोत आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. खोती रद्द करण्याचा कायदा १९४९ चा आहे, पण खोत आणि कूळ यांची बोलण्यातली वरखाल त्यानंतरही कित्येक वर्षे गेली नाही. दिलीप प्रभावळकर यांनी नारबाच्या तोंडचे प्रत्येक वाक्य मातीत बोट खुपसून पाहिल्यासारखे उच्चारले आहे. त्याच प्रभावळकरांनी ऐंशी वर्षे पार केल्यावर २०२५ मध्ये ‘दशावतार’मध्ये दशावतारी कलावंत उभा केला. लिहिलेल्या संहितेशिवाय पायपेटी, मृदंग आणि झांजेच्या साथीने रात्रभर उभ्या उभ्या संवाद रचणाऱ्या या कलेवर अनेक तांत्रिक अंगांनी मोठा चित्रपट निघाला, याचा मला आनंद आहे. मात्र जत्रेत मांडवाबाहेर बसून ऐकलेल्या पायपेटीची सर त्यातील भव्य पार्श्वसंगीताला नाही.

‘श्वास’ पाहून आपण रडलात, मीही रडलो. संदीप सावंत यांच्या या चित्रपटाला २००३ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘श्यामची आई’नंतर तो मान मराठीकडे येण्यास पन्नास वर्षे लागली, आणि दोन्ही कथांच्या मुळाशी कोकणातले लहान मूल आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. डोळ्यांच्या कर्करोगामुळे परशा या लहान मुलाची दृष्टी जाणार हे ठरल्यावर आजोबा शस्त्रक्रियेपूर्वी त्याला रुग्णालयातून बाहेर नेतात, जग एकदा दाखवून आणतात. अरुण नलावडे यांच्या आजोबांकडे पाहताना आपण नातवाच्या डोळ्यांचा विचार करत असतो. मी मात्र शेवटी गावी परतणाऱ्या होडीजवळ येऊन थांबतो. त्या मुलाला आता ही खाडी फक्त ऐकू येणार आहे. वल्ह्याचा आवाज, काठावरची ओळखीची हाक, यांतून त्याला गाव पुन्हा जुळवायचे आहे. ध्वनिमुद्रकाला याहून मोठी जबाबदारी कोणत्या दृश्यात मिळेल, मला माहीत नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ही याच ओळीतला. नैराश्यातून गेलेली स्त्री, आत्महत्येच्या काठावरून परतलेला तरुण आणि किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपणारी माणसे, यांची ती गोष्ट आहे. वेळासच्या वाळूत पिल्ले समुद्राकडे निघतात तेव्हा जमलेल्या लोकांना हळू बोला असे सांगावे लागते. त्या चित्रपटातील माणसे एकमेकांशी तशीच हळू बोलतात. काही संवाद मला उपदेशाकडे झुकलेले वाटले, पण आजारी मनाच्या माणसाजवळ नुसते बसून राहणे पडद्यावर इतक्या सबुरीने क्वचित आले आहे.

‘कोर्ट’ आपण अर्ध्यावर सोडला, याचा दोष मी आपल्याला देत नाही, परंतु तो पुन्हा पाहावा अशी विनंती करतो. ज्या वर्षी ‘किल्ला’ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी ‘कोर्ट’ देशातील सर्वोत्कृष्ट ठरला. कॅमेरा दूर उभा राहतो आणि हलत नाही, म्हणून कंटाळा येतो. या वेळी पाहण्याचा प्रयत्न थोडा कमी करून ऐकावे. सरकारी वकील बाई कायद्याची कलमे ज्या सपाट, भरभर आवाजात वाचतात त्याच आवाजात त्या लोकलमध्ये घरच्या गोष्टी बोलतात. लोकशाहिराचा आवाज मात्र मंचावर वेगळा आणि आरोपीच्या पिंजऱ्यात वेगळा आहे. चैतन्य ताम्हाणे यांचे म्हणणे या फरकात आहे.

‘सैराट’बद्दल आपण काही लिहिले नाही. अजय-अतुल यांच्या संगीताने भरून वाहणारा तो चित्रपट शेवटी एकाएकी आवाज काढून घेतो आणि रक्ताने माखलेल्या लहान पावलांमागे काहीही वाजत नाही. मराठी चित्रपटातील शांततेचा याहून धाडसी उपयोग मी ऐकलेला नाही. ‘पंचायत’ ही हिंदी वेबमालिका मला आवडते. दुसऱ्या पर्वानंतर ती गावापेक्षा गावातल्या राजकारणात अधिक रमली, एवढेच म्हणेन.

आता मुलांना काय दाखवावे. ‘किल्ला’ दाखवावा. सुरुवातीला किल्ल्यावरचा प्रसंग आवाज बंद करून दाखवावा आणि मुलांना काय दिसले ते लिहू द्यावे. मग प्रोजेक्टरचे चित्र बंद करून तोच प्रसंग नुसता ऐकवावा आणि पुन्हा लिहू द्यावे. संपूर्ण चित्रपट त्यानंतर लावावा. देवगडची मुले दुसऱ्या वेळी जास्त लिहितील, असा माझा अनुभव आहे. प्रोजेक्टरच्या अंगच्या स्पीकरवर अवलंबून राहू नये. दोन साधे स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, मुलांच्या कानांच्या उंचीवर ठेवावेत. शाळेच्या सभागृहात शब्द घुमतात, त्यासाठी मागच्या भिंतीवर चार-पाच गोधड्या किंवा रिकामी गोणपाटे टांगावीत आणि मुलांना बाकांऐवजी सतरंजीवर, जवळजवळ बसवावे. माणसांच्या अंगांनीही आवाज शोषला जातो. पंखे बंद ठेवावेत. आपल्या सभागृहावर पत्रे आहेत असे आपण लिहिले आहे, तेव्हा हा कार्यक्रम दिवाळीच्या सुट्टीनंतर ठेवावा. स्पीकर नसतील तर माझ्याकडे एक जुना संच आहे. नोव्हेंबरमध्ये मी तो घेऊन एसटीने येऊ शकेन.